आतड्याचा जोड लीक होतो म्हणजे काय होतं, आणि घरच्यांनी काय बघायचं

आतड्याचा एखादा तुकडा कापून काढला की उरलेली दोन टोकं परत जोडावी लागतात, टाके घालून नाहीतर स्टेपलरने. हा जोड भरून यायच्या आधीच कुठेतरी उसवला आणि आतला मळ, पित्त, अन्नरस असं सगळं पोटाच्या पोकळीत झिरपायला लागलं की त्याला अ‍ॅनास्टोमोटिक लीक म्हणतात. वॉर्डात एवढं लांबलचक कोणी बोलत नाही, "जोड लीक झालाय" एवढंच म्हणतात आणि तेवढ्याने नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकते, कारण ऑपरेशन चांगलं झालं असं त्याच सर्जनने चार दिवसांपूर्वी सांगितलेलं असतं. मग तेव्हा खोटं बोलले का? तर नाही. ऑपरेशन खरंच चांगलं झालेलं असू शकतं आणि तरी लीक होऊ शकतं, ते कसं हेच आज नीट सांगायचंय.

मी धायरीत फॅमिली डॉक्टर आहे. ऑपरेशनं मी करत नाही, पण डिस्चार्ज घेऊन घरी आलेल्या पेशंटचा पहिला फोन बऱ्याचदा सर्जनला न जाता आमच्यासारख्यांना येतो, आणि त्या फोनवर काय बोललं जातं यावर पुढचं खूप काही ठरतं. म्हणून मला वाटतं की ज्यांच्या घरात आतड्याचं ऑपरेशन होणारे किंवा नुकतंच झालंय त्यांनी तरी हे वाचावं. लीक होणं बऱ्याचदा कोणाच्याच हातात नसतं, ते लवकर लक्षात येणं मात्र बरंचसं घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या हातात असतं, आणि माणूस वाचतो का, किती सुखरूप वाचतो, ते जास्त करून याच्यावर अवलंबून असतं.

आधी हे सांगते की आपल्याकडे आतडं कापायची वेळ नेमकी कशाने येते. लोकांना वाटतं फक्त कॅन्सर. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहेच, पण आपल्या भागात आतड्याचा टीबी अजून चांगलाच दिसतो, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे तो विशेष बसतो आणि आतडं अरुंद करून टाकतो. टायफॉइड अंगावर काढला तर लहान आतड्याला भोक पडतं. हर्नियात आतडं अडकून काळं पडतं. आतड्याला पीळ बसतो, आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होते, गाडीवरून पडून पोटाला मार बसतो. यातली निम्मीअधिक कारणं इमर्जन्सीची, म्हणजे पेशंटला तयार करायला वेळच मिळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणारे.

आता जोड. लोकांच्या डोळ्यासमोर पीव्हीसीचा पाइप असतो, दोन तुकडे घ्यायचे, सोल्युशन लावायचं, दाबायचं, तासाभरात नळ चालू. आतडं तसं नाही, ते जिवंत आहे, त्याला रक्त लागतं आणि जोड "चिकटत" नाही तर तो शरीराने स्वतः भरून काढावा लागतो. टाके किंवा स्टेपलरच्या बारीक पिना फक्त तोपर्यंत दोन कडा एकमेकींना धरून ठेवतात.

आतड्याच्या भिंतीला चार थर असतात. टाका धरून ठेवायची ताकद बाहेरच्या गुळगुळीत आवरणातही नाही आणि आतल्या मऊ अस्तरातही नाही, ती आहे त्या अस्तराच्या लगेच खालच्या थरात, सबम्युकोसात, कारण तिथे कोलॅजनचं, म्हणजे मजबुती देणाऱ्या प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं असतं. अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने १८८७ मधे हे दाखवून दिलं. त्याच्या आधी १८२६ मधे फ्रान्सच्या आन्त्वान लाँबेरने आतड्याची बाहेरची आवरणं एकमेकांना टेकतील असा टाका घालायची पद्धत सांगितली होती आणि तो टाका त्याच्या नावाने आजही घालतात. स्टेपलरही वाटतो तेवढा नवा नाही, हंगेरीत बुडापेस्टला ह्युमेर ह्युल्टलने १९०८ मधे पहिला वापरला, तेव्हा ते धूड काही किलोंचं होतं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं हुशार माणसं या एका जोडाच्या मागे लागलीत आणि तरीही लीक शून्यावर आलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतीये, कारण "एवढं सायन्स पुढे गेलं तरी असं कसं होतं" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो.

होतं असं की ऑपरेशननंतर पहिले तीनचार दिवस जोडाच्या जागी सूज असते आणि त्या सुजेत शरीर जुनं कोलॅजन विरघळवत असतं, नवं अजून नीट बनलेलं नसतं. त्यामुळे त्या दिवसांत जोड जवळजवळ नुसत्या टाक्यांच्या भरवशावर उभा असतो. पाचव्या दिवसाच्या आसपास नवं कोलॅजन जोर धरतं आणि आठवडा उलटला की जोड बऱ्यापैकी स्वतःच्या ताकदीवर येतो. ज्या जोडाला रक्त कमी पडलं किंवा ताण बसला किंवा शेजारी पू होता, तो या मधल्या काळात हार मानतो. म्हणूनच लीक सहसा पहिल्या दिवशी नाही दिसत, पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास दिसतं, कधी त्याच्याही नंतर, दोन आठवड्यांनी किंवा आणखी उशिरा. आणि आजकाल सगळं नीट असेल तर पाचव्या सहाव्या दिवशी पेशंटला घरी सोडतात. म्हणजे जे दिवस जपायचे तेच दिवस पेशंट घरात, नाहीतर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीत. भोर, वेल्हे, दौंड, मंचर, कुठकुठून लोक ऑपरेशनला पुण्यात येतात आणि डिस्चार्ज मिळाला की लगेच गावाकडे निघतात, त्यात गणपती किंवा लग्नसराई असली तर आधीच घाई. माझं स्पष्ट मत आहे की शहराबाहेरच्या पेशंटने आतड्याच्या ऑपरेशननंतर निदान दहा-बारा दिवस होईपर्यंत पुण्यातच कोणाकडे तरी राहावं, बहीण असेल, पुतण्या असेल, कोणीही, हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत.

सगळे जोड सारखे धोक्याचे नसतात. लहान आतडं लहान आतड्याला जोडलं तर रक्तपुरवठा दणकट असतो, लीकचं प्रमाण शंभरात १ ते ३ च्या घरात. उजवीकडचं मोठं आतडं काढून केलेला जोड त्याच्यापेक्षा थोडा जास्त धोक्याचा. आणि जसजसं खाली ओटीपोटात गुदाशयाकडे जाल तसतसा धोका चढत जातो, अगदी खालच्या जोडाला शंभरात ५ पासून २० पर्यंत आकडे सांगितले जातात. कारणं साधी आहेत, तिथे जागा अरुंद, पुरुषांचं ओटीपोट तर अजूनच अरुंद, आतड्याचं बाहेरचं आवरण तिथे नसतंच, आणि बऱ्याच पेशंटना ऑपरेशनच्या आधी रेडिएशन दिलेलं असतं. म्हणून "आमच्या शेजाऱ्यांचं तर काही नाही झालं" ही तुलना फार उपयोगाची नाही, त्यांचा जोड कुठे होता ते आधी बघावं लागतं.

याच कारणाने खालचा जोड केल्यावर सर्जन बऱ्याचदा वरचं लहान आतडं काही महिने पोटावर बाहेर काढून ठेवतात, स्टोमा, म्हणजे मळ वरच्यावर पिशवीत जातो आणि खालच्या जोडाला निवांतपणे भरून यायला वेळ मिळतो. ही पिशवी म्हटलं की घरात रडारड होते, मी बघितलीये, "पिशवी नको डॉक्टर, बाकी काही पण करा." पण स्वीडनमधे २३४ पेशंटवर झालेला एक अभ्यास २००७ मधे छापून आला, त्यात ज्यांना स्टोमा केला त्यांच्यात लीक शंभरात साधारण १० आणि ज्यांना नाही केला त्यांच्यात २८. एवढा फरक! सर्जन पिशवी सुचवतात तेव्हा त्यांच्या मनात हा हिशोब असतो. स्टोमाचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही, पातळ मळाने पोटातलं पाणी आणि मीठ जातं, कातडी सोलते, म्हणून तो करायचा की नाही हे प्रत्येक पेशंटचं वेगळं ठरतं. पण नुसत्या लाजेपोटी नाही म्हणू नका एवढंच.

धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्यात पहिली तंबाखू. सिगरेट-बिडीने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडाला रक्त कमी मिळतं. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगतात. आणि इथे एक गोष्ट कायम सुटते. "तंबाखू खाता का" विचारलं की गावाकडच्या आज्या ठाम नाही म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावतात ते त्यांच्या हिशोबात तंबाखूत मोडतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, निकोटीन त्यातूनही रक्तात जातं, त्यामुळे लेकी-सुनांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. दारूचंही तसंच, खरी सांगा, भूलवाल्या डॉक्टरांनाही ते लागतं. दुसरी गोष्ट खाणं. महिनोन्‌महिने उलट्या-जुलाब, वजन दहा किलोने उतरलंय, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन ३.५ च्या खाली, हिमोग्लोबिन आठ, अशा शरीराने नवं कोलॅजन बनवायचं कशातून? ऑपरेशनला आठ-पंधरा दिवस असतील तर डॉक्टर प्रोटीन पावडर, अंडी, लोहाचं इंजेक्शन वगैरे सांगतात ते "टॉनिक" म्हणून बाजूला ठेवायचं नसतं, तो ऑपरेशनचाच भाग आहे. डायबिटीस आटोक्यात हवा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, दम्याच्या असोत की संधिवाताच्या, त्या सांगितल्याच पाहिजेत, आणि मनाने अचानक बंद पण करायच्या नाहीत. काही लोक गुडघ्याला म्हणून कसल्यातरी पुड्या घेत असतात त्यातही कधीकधी स्टिरॉइड निघतं, तेही सांगा.

इमर्जन्सीत मात्र यातलं काहीच करता येत नाही. पोटात आधीच मळ पसरलेला, बीपी पडलेलं, आतडं सुजलेलं. अशा वेळी काही सर्जन जोड करायचंच टाळतात आणि सरळ स्टोमा करून बाहेर पडतात, तो पळपुटेपणा नसतो, तो सगळ्यात शहाणा निर्णय असतो.

ऑपरेशन चालू असताना सर्जन जोड तपासतात. ओटीपोटात सलाइन भरून खालून आतड्यात हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का बघतात. आता काही मोठ्या हॉस्पिटलांत इंडोसायनीन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने आतड्याला रक्त पोचतंय का तेही बघतात. पण त्या दिवशी टेस्ट चांगली आली म्हणजे सहाव्या दिवशी लीक होणारच नाही असं नसतं, वर सांगितलं ते सगळं नंतर घडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घरी काय बघायचं. मागे एकदा नऱ्ह्यातल्या एका मुलाचा संध्याकाळी फोन आला, काका भोरकडचे, उजवीकडचं मोठं आतडं काढलेलं, सहावा दिवस, कालच डिस्चार्ज. "काकांना जरा गॅसेस झालेत, गोळी सांगता का?" मी म्हटलं येऊनच बघते. काका कॉटवर टेकून बसलेले, बोलत होते, ताप ९९. काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, काल मुगाची खिचडी जरा जास्तच खाल्ली ह्यांनी, त्याचंच आहे." पोट फुगलेलं होतं पण दाबलं तर फार काही कळवळले नाहीत. नाडी १२२. मी विचारलं, "काका, दम लागतोय का?" "नाही ओ, जिना चढून आलो ना, म्हणून जरा." "जिना कधी चढलात?" "सकाळी." श्वास मिनिटाला २८ होते. सकाळपासून लघवीला एकदाच गेलेले, बायकोला ते माहीतच नव्हतं. तिथूनच त्यांच्या सर्जनला फोन लावला, नाडी आणि श्वास सांगितले, ते एवढंच म्हणाले, "लगेच पाठवा." रात्री सीटी झाला, जोडाच्या जागी लीक होतं. काका आज बरे आहेत, शेतात जातात. खिचडीचा काही दोष नव्हता.

यातून काय घ्यायचं तर नाडी. ताप येतो, पोट दुखतं हे पुस्तकात असतं आणि बऱ्याच जणांना होतंही, पण पुष्कळदा सगळ्यात आधी नाडी चढते आणि ती चढलेलीच राहते. शांत पडलेल्या माणसाची नाडी १०० च्या वर आणि ती उतरत नाही, श्वास २० च्या वर, हे दिसलं की गॅसची गोळी हा विषयच नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून घराघरात पडलेलं आहे, त्याच्यावर नाडी दिसते, ते काढा, सेल बदला आणि सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. एक लक्षात घ्या, बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येतं त्या, चालू असतील तर नाडी चढूच देत नाहीत, अशा माणसाची नाडी ९० असली तरी माझे कान टवकारतात. स्टिरॉइडवर असलेल्यांना ताप आणि दुखणं दोन्ही दबून जातं.

नाडीच्या जोडीने बाकीचं. पोट रोज थोडं थोडं सैल व्हायला हवं, ते उलट घट्ट होत चाललंय. वारा सरत होता तो थांबला. मळमळ, हिरवट उलटी, थांबतच नाही अशी उचकी. खांद्याच्या टोकाला दुखणं, ते का तर पोटातला दाह छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यापर्यंत पोचला की दुखणं खांद्यात जाणवतं. जोड खाली गुदाशयाजवळचा असेल तर बऱ्याचदा पोट छान मऊ असतं आणि कंबर-माकडहाड दुखतं, सारखी संडासची भावना होते, पू किंवा घाण पाणी जातं. म्हातारी माणसं तर कधी यातलं काहीच दाखवत नाहीत, नुसती बरळायला लागतात किंवा एकदम गप्प होतात, आणि घरात म्हणतात "भुलीचं औषध अजून उतरलं नाही वाटतं." सहाव्या दिवशी भूल नसते. आणि ज्याचं वर्णन कुठल्या चार्टवर बसत नाही पण अनुभवी सिस्टर त्याच्यावर फार विश्वास ठेवतात अशी एक गोष्ट, काल होता त्यापेक्षा आज पेशंट बरा दिसायला हवा. आतड्याच्या ऑपरेशननंतर माणूस रोज कणाकणाने पुढे सरकतो. दोन दिवस तो एकाच जागी अडकला किंवा मागे गेला तर त्याला कारण असतं, आणि ते शोधावं लागतं.

ड्रेन ठेवलेला असेल, म्हणजे पोटातून बाहेर आलेली नळी आणि पिशवी, तर त्यातलं पाणी पहिल्यांदा लालसर, मग गुलाबी, मग पेंढ्याच्या रंगाचं होत जातं. ते हिरवं, पिवळट गढूळ, तपकिरी झालं किंवा वास मारायला लागलं तर मोबाईलवर फोटो काढून लगेच सर्जनला पाठवा. पण ड्रेन स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त पण राहू नका, लीक एका कोपऱ्यात आणि नळी दुसऱ्या कोपऱ्यात असं सर्रास होतं.

फोनवर कसं सांगायचं यालाही महत्त्व आहे. "जरा बरं वाटत नाहीये" म्हटलं की समोरचा रेसिडेंट डॉक्टर, तो बिचारा छत्तीस तास जागा असतो, म्हणणार उद्या ओपीडीला या. त्याऐवजी असं सांगा, आतड्याचा जोड केलेला आहे, आज सातवा दिवस, नाडी ११५, दोन तासांपासून उतरत नाही, उलट्या झाल्या, लघवी कमी आहे. मग कोणी उद्या या म्हणत नाही. जवळ गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणि शक्यतो ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलला न्या, आत काय कसं जोडलंय ते त्यांना माहीत असतं, ते अगदीच लांब असेल तर जिथे सर्जन आणि सीटी दोन्ही आहे तिथे, आणि डिस्चार्ज कार्ड हातात पाहिजे. मधल्या वेळात एनिमा, जुलाबाचं औषध, एरंडेल, पोट शेकणं यातलं काहीही नको. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर पण नको, त्याने खूण दबते, शिवाय डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा आणि लीकचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय.

हॉस्पिटलमधे असेपर्यंत डॉक्टर सीआरपी नावाची, शरीरात दाह किती आहे ते सांगणारी रक्ताची टेस्ट करतात. ऑपरेशननंतर ती सगळ्यांचीच वाढते, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी शिखरावर जाते आणि मग उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली असेल तर लीक असण्याची शक्यता बरीच कमी. वर असेल तर लगेच लीक आहेच असं नाही, छातीत कफ झाला तरी वाढते, पण उतरायच्या ऐवजी चढत असेल तर घरी सोडण्याआधी दोनदा विचार करतात. डिस्चार्जच्या आधी "सीआरपी उतरतोय ना" असं विचारायला काहीच हरकत नाही, चांगल्या डॉक्टरला त्या प्रश्नाचा राग येत नाही. संशय आला की सीटी स्कॅन, शिरेतून आणि गरजेप्रमाणे तोंडातून किंवा खालून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमधे उठून दिसणारं औषध देऊन. सीटी पण कधीकधी चुकतो, लवकर केला तर लीक दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट खालावतोय असं असेल तर सर्जन पेशंटवर विश्वास ठेवतात, सीटी परत करतात नाहीतर पोट उघडून बघतात.

सापडल्यावर काय? प्रत्येक लीकला परत ऑपरेशन लागत नाही. २०१० मधे गुदाशयाच्या सर्जन लोकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने याच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत लीक फक्त स्कॅनवर दिसतं, पेशंट ठणठणीत, उपचारात काहीच बदल नाही. दुसरीत काहीतरी करावं लागतं पण पोट उघडावं लागत नाही, म्हणजे अँटिबायोटिक, किंवा सोनोग्राफी-सीटीत बघून बाहेरून सुईने नळी घालून साचलेला पू काढणं. तिसरीत परत ऑपरेशन. त्यात पोट भरपूर सलाइनने धुतात आणि मग जोड वाचवता येत असेल तर वर स्टोमा करून ठेवतात, नसेल तर जोड सोडवून टोक बाहेर काढतात. तिथेच परत नवीन टाके मारून का नाही टाकत, असं सगळे विचारतात. सुजलेल्या, पू लागलेल्या आतड्यात टाका धरत नाही, तो लोण्यातून सुरी जावी तसा कापत जातो आणि दुसरं लीक पहिल्यापेक्षा वाईट असतं. या काळात आयसीयू, कधी व्हेंटिलेटर, कधी शिरेतून सगळं पोषण. कधी मळ जखमेतूनच बाहेर यायला लागतो, फिस्टुला, तो बंद व्हायला आठवडे नाहीतर महिने लागतात, कातडी जपायची आणि खाणं भरून काढायचं हेच मोठं काम असतं, फार चिकाटी लागते सगळ्यांना.

खाण्याबद्दल थोडं, कारण काकूंसारखा अपराधीपणा मी फार जणींच्या तोंडावर बघितलाय. ऑपरेशननंतर लवकर खायला दिल्याने जोड उसवत नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर खाणं, लवकर चालणं यावर जे काम सुरू केलं त्यानंतर जगभर दुसऱ्या दिवसापासून द्यायला लागले आणि त्याने लीक वाढल्याचं दिसलं नाही. उलट आतडं लवकर चालू होतं. तेव्हा सर्जनने पेज, ताक, मऊ भात सांगितला असेल तर तो घाबरत घाबरत चमचाभर नाही, व्यवस्थित द्या. आणि नंतर लीक निघालं तर आपण घातलेल्या घासाने ते झालं असं कुठल्याही बायकोने, आईने, सुनेने मनाला लावून घेऊ नये.

मग सर्जनची चूक का? होऊही शकते. पण लीक झालं म्हणजे चूक झालीच असं समीकरण नाही, जगातल्या उत्तम सर्जनच्या हातून केलेले जोडही ठरावीक प्रमाणात लीक होतात आणि संमतीपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते, जी आपण न वाचता सही करतो. वॉर्डात आरडाओरडा केल्याने एक तोटा नक्की होतो, डॉक्टर बोलायचे बंद होतात. त्यापेक्षा घरातल्या एकानेच रोज ठरलेल्या वेळी भेटून विचारावं, आज कालच्यापेक्षा काय बदललं, उद्या काय बघणार आहात, कशावरून ठरवणार. तक्रार करायची असेल तर ती लीक का झालं यापेक्षा, खुणा दिसत असताना किती तास कोणी बघितलं नाही, या प्रश्नावर जास्त टिकते. नेदरलँड्समधे काही वर्षांपूर्वी नाडी, श्वास, ताप, पोट, लघवी अशा साध्या गोष्टींना रोज मार्क देऊन लीक शोधायची पद्धत वापरून बघितली, निदानाला लागणारा उशीर कमी झाला. मशिन नाही, महाग टेस्ट नाही, रोज ठरवून बघायचं, बस.

पैशाचं पण बोलायला हवं. मेडिक्लेममधे पहिल्या पॅकेजच्या वरची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, ती टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे, त्याच दिवशी टाकायला लावा. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला लगेच गाठा, दुसरं ऑपरेशन कसं बसतं ते तो सांगेल. ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स मागून घ्या, आपला हक्क आहे तो.

त्यातून बाहेर पडल्यावरही लीक थोडं मागे रेंगाळतं. जोडाची जागा कधी आक्रसते आणि फुग्याने रुंद करावी लागते. कॅन्सर असेल तर केमो लांबते, आणि गुदाशयाच्या कॅन्सरमधे लीक झालेल्यांत आजार त्याच जागी परत उगवायचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय, म्हणून त्यांनी फॉलोअप चुकवायचाच नाही. काहींची पिशवी कायमची राहते. ज्यांची बंद करायची आहे त्यांची साधारण दोनतीन महिन्यांनी करतात, लीक झालेल्यांची त्याहून उशिरा, आणि त्याआधी खालचा जोड पूर्ण भरलाय का ते कॉन्ट्रास्टचा एक्स-रे काढून किंवा दुर्बिणीने बघतात. घरात तोपर्यंत सगळे सैलावलेले असतात, छोटंसं ऑपरेशन आहे, दोनचार दिवसांत घरी, असं सगळ्यांना फोनवर सांगून झालेलं असतं. पण पिशवी बंद करताना आतड्याची दोन टोकं परत जोडलेलीच असतात, धोका पहिल्यापेक्षा बराच कमी असला तरी जोड तो जोडच, तेव्हा ते ऑक्सिमीटर त्याही आठवड्यात उशाशीच असू द्या आणि नाडी लिहायची वही पण.